डोलकाठीवरचा कंदील

१

कॅप्टन अनंत दाणी आपल्याच होडीच्या काठावर डोकं टेकून बसले होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा सकाळच्या उन्हात डुलकी काढतोय. जवळ गेलं की कळायचं. कवटी मागून फुटली होती. रक्त होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात उतरून पाकासारखं घट्ट झालं होतं आणि त्यावर माशांची नुसती पंगत बसली होती.

"तीन घाव हायेत, मॅडम," हवालदार देवाजी नाकाला रुमाल लावून म्हणाला. "पयल्याच घावात गेला असन बिचारा. बाकीचे दोन नुसते रागाचे."

सहायक निरीक्षक मुग्धा वैरागडे वाकून बघत होती. तिला घावांच्या संख्येपेक्षा त्यांचा आकार खटकला. कुऱ्हाडीची चीर नव्हती, दगडाचा ठेचा नव्हता. तिन्ही जखमा अधिकच्या चिन्हासारख्या होत्या, दोन रेघा एकमेकींना बरोबर मधोमध कापणाऱ्या.

"असं कोणतं हत्यार असतं देवाजी?"

"माह्या तीस वर्षांच्या नोकरीत नाई पाह्यलं जी."

कोराडीच्या वाटेवरचा हा तलाव. पलीकडे वीजकेंद्राची धुराडी, अलीकडे कॅप्टनचा शिडाच्या होड्यांचा छोटासा क्लब. जन्म नागपूरचा, हयात मालवाहू जहाजांवर गेलेली. निवृत्त झाल्यावर कॅप्टन इथे पोरांना शीड सांभाळायला शिकवायचे. लोक हसायचे. समुद्राचा पत्ता नाही आणि हा माणूस खलाशी घडवून राहिला म्हणायचे. एप्रिलच्या त्या सकाळी सगळ्या होड्यांवर नेहमीसारखी राखेची पातळ साय धरली होती, आणि प्रत्येक डोलकाठीच्या शेंड्याला ॲल्युमिनियमचा एकेक कंदील लटकत होता.

कंदील म्हणायचे लोक. खरं म्हणजे तो रडार-परावर्तक. तीन पत्रे एकमेकांत काटकोनात घुसवलेले, आठ खोबणींचे. जहाजाच्या रडारची लहर त्या खोबणीत शिरली की आल्या वाटेने परत जाते आणि जहाजाच्या पडद्यावर ठिपका उमटतो. लाकडाच्या किंवा फायबरच्या चिमुकल्या होडीला समुद्रात 'मी इथे आहे' सांगायचा हाच काय तो मार्ग.

मुग्धाने मान वर केली. सगळे कंदील राखेने मळकट झाले होते. कॅप्टनच्या होडीवरचा तेवढा लख्ख चमकत होता. वरच्या टोकाला दोर होता, आणि खालच्या टोकापासून एक आखूड दोरी डोलकाठीला ताणून बांधली होती. हलू नये म्हणून असेल, असं तिला वाटलं.

"मॅडम, हे बगा." देवाजीने होडीच्या फळीखालून तान्ह्या बाळाचं टोपरं काढलं. पिवळं, विणलेलं. त्याचा चेहरा पडला. "हे तं सोनिकाच्या पोरीचं हाय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता तो पळायलाच लागला.

"चाला मॅडम! लोकं सोनिकाच्या घरात घुसले!"

२

सोनिकाला अंगणात केसांनी धरून ओढत आणलं होतं. ओठ फाटला होता, ब्लाउजची एक बाही लोंबत होती, आणि अशाही अवस्थेत तिचे दोन्ही हात छातीशी एक गाठोडं आवळून होते. त्या गाठोड्यातून भूमीचं, तिच्या आठ महिन्यांच्या लेकीचं, रडणं येत होतं. सगळ्यात पुढे एक गोरा, उंच तरुण होता. त्याने सोनिकाच्या पाठीत लाथ घातली तशी ती गुडघ्यांवर आली. पण बाळाचं डोकं तिने जमिनीला लागू दिलं नाही.

मुग्धाची काठी त्या तरुणाच्या पोटरीवर अशी बसली की तो कळवळून खाली बसला.

"नाव?"

"अपूर्व मोहरील," तो दात खाऊन म्हणाला. "कॅप्टन माझे गुरू होते, मॅडम. ह्या बाईनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तुमचं डोकं फोडीन म्हणून. आणि फोडलं!"

"आता तुमचं फुटायच्या आधी बाजूला व्हा."

देवाजीने गर्दी हटवली. घरात आल्यावर सोनिका भिंतीला टेकून बसली. रक्त पुसायच्या आधी तिने पदराआड बाळाला घेतलं. भूमी हुंदके देत देत प्यायला लागली. मुग्धाचं स्वतःचं पोर आता तीन वर्षांचं होतं, तरी त्या आवाजाने तिच्या छातीत काहीतरी ओढल्यासारखं झालं.

"तू धमकी दिली होतीस?"

"देल्ती जी." सोनिकाची नजर खाली होती. "माहा नवरा मेला. पियूष. मालवणाहून गोव्याले गेला होता शिडाच्या होडीतून. कॅप्टननंच त्याले सांगतलं होतं, कंदील लाव, जहाजं तुले पाहतीन. जहाज वरून गेलं त्याच्या. अर्धीच होडी सापडली. जहाजवाले म्हणे, आमच्या पडद्यावर काईच नोतं. तवा माहं बाळंतपण होऊन महिना झाला होता. मंग मी काय कॅप्टनची आरती करू?"

"काल तू तिथे गेली होतीस?"

"त्याईनंच होडीवर बलावलं. पियूष निंगाला तवाचा फोटो मागतला. माह्या मोबाइलात हाय. त्याईनं तो मोठा करून करून पाह्यला अन् एकदम मटकन बसले. मी म्हटलं, काय झालं? तं म्हणे, उद्या सांगतो वं पोरी. भूमीच्या डोक्यावर हात ठेवला. टोपरं तवाच पडलं असन."

फोटो मुग्धाने पाहिला. हसणारा पियूष, मागे समुद्र, डोलकाठीवर चांदीसारखा कंदील. काही विशेष दिसलं नाही. तिने तो आपल्या मोबाइलवर घेतला.

सोनिकाची सासू बायजाबाई दारातच उभी होती. सुनेला मारताना ती मधे पडली नव्हती.

"न्या तिले," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "पण पोर आमची हाय. पोरगी जेलात नाई जाणार."

"आई, ती अंगावर पिते जी!"

"बाटलीनं पेईन. माहा पोरगा गेला, आता त्याची खूणबी तू घेऊन जाशीन?"

सोनिकाने बाळ आणखी घट्ट धरलं. मुग्धाने नजर दुसरीकडे वळवली. पाळण्यावर एक खेळणं टांगलेलं होतं, पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून केलेला छोटा कंदील. तीन कोपऱ्यांना तीन दोरे, आणि वरच्या खोबणीत काजळाची डबी अगदी ओंजळीत ठेवल्यासारखी बसलेली.

"पियूषनं केलं होतं," सोनिका पुटपुटली. "रोज पाळण्याचं धुणं झालं का मी नव्यानं बांधतो."

बाहेर गाडी थांबली. मोठ्या साहेबांचा निरोप होता. संध्याकाळपर्यंत बाईला अटक दाखवा, गाव पेटायला नको.

३

"मले तं फसवून राहिले का मॅडम?" कामठीच्या आपल्या कारखान्यात मोहित गिरडकर आधीच घामाघूम झाला होता. यंत्रमागांच्या गल्लीतच त्याचं पत्राकामाचं दुकान. मोठ्या डब्यांपासून ह्या परावर्तकांपर्यंत सगळं बनवायचा. "मी कायले मारू बुढ्याले? माहा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक होता तो!"

"पियूषच्या होडीवरचा कंदील तुमच्याच दुकानातला ना? तो खोटा निघाला, असं कॅप्टन सगळ्यांना सांगणार होते म्हणतात."

मोहितचा चेहरा लाल झाला. "हो, भांडण झालं होतं. माहा गळा पकडला होता त्यानं, खोटं कायले बोलू? म्हणे तुह्या पत्र्यांचा काटकोन चुकला, दोनचार अंशांचा फरकबी लहर वाया घालवते. मग तोच आला, मागच्या महिन्यात. माहे दहा कंदील नेले, क्लबाच्या गच्चीवर जुनं रडार लावलं होतं त्यानं, त्यावर तपासले. अन् माफी मागून गेला. म्हणे, मोहित, तुहा माल बरोबर हाय. मग पोरगा काहून मेला, तेच समजून नाही राहिलं."

"म्हणजे कंदील चांगला असला तरी जहाजाला होडी दिसेलच असं नाही?"

"अरे, जादू थोडी हाय ती? लाटेनं होडी कलली का ठिपका फिका होते. त्या नळीवाल्या बारक्या कंदिलाचा तं काईच भरोसा नाई. अन् टांगण्यातच अर्धा खेळ हाय."

"टांगण्यात?"

मोहित तिला ओसरीवर घेऊन गेला. तिथे एक जुना परावर्तक तीन दोऱ्यांवर आडवा टांगला होता. त्याच्या वरच्या खोबणीत पाणी होतं, आणि दोन चिमण्या काठावर बसून बिनधास्त पीत होत्या.

"पोरीनं केलं हे, उन्हाळ्याचं. सांध्याले सिलिकॉन मारून देलं मी. असंच टांगावं लागते पा, एक खोबण सरळ आभाळाकडे, पाऊस आला तं पाणी धरन अशी. मग बाकीच्या खोबणी जहाजाच्या रेषेत येतात. टोकावर उभा टांगला तं गेलं कामातून. पाहाले लय सुंदर, पण जहाजाले दिसाले अर्धाअधूराबी नाई."

मुग्धाने हात वर करून परावर्तकाच्या एका टोकावरून बोट फिरवलं. दोन पत्रे तिथे एकमेकांना कापत होते. बोटाला टोचलं.

तिने बोटाकडे पाहिलं. कातडीवर अधिकचं बारीक चिन्ह उमटलं होतं.

४

क्लबच्या गच्चीवर अपूर्व जुन्या रडारच्या खुर्चीतच बसला होता, पोटरीला बर्फ लावून.

"माफ करा, सकाळी डोकं फिरलं होतं," तो म्हणाला. आता आवाजात साखर होती. "कॅप्टन म्हणजे बापाच्या जागी. पुढच्या महिन्यापासून क्लब माझ्या हाती द्यायचं ठरलं होतं. मालवणला आमची शाखा निघणार होती. सगळं राहिलं."

"पियूष तुमचा मित्र होता?"

"लंगोटीयार. मालवणला मीच गेलो होतो त्याला सोडायला. त्याला घाई, भरतीची वेळ साधायची होती. म्हटलं तू सामान बघ, होडी मी सजवतो. डोलकाठी, दोर, शेवटची गाठसुद्धा माझ्या हातची." त्याचे डोळे खरोखर भरून आले. "आणि त्या कंदिलानं दगा दिला. मी आधीपासून सांगत होतो, हे कंदील म्हणजे नुसता देखावा. पियूष गेल्यावर कॅप्टनना वेडच लागलं. प्रत्येक होडीवर स्वतः चढून कंदील बांधले, इथे तासन्‌तास ठिपके बघत बसायचे. मी तर कधी मान वर करून पाहिलंही नाही त्या कंदिलांकडे."

"कॅप्टन काल काही बोलले तुमच्याशी?"

"नाही. काल मी इथे नव्हतोच."

मुग्धा खाली उतरली. देवाजी घाटावर तंबाखू मळत उभा होता.

"कॅप्टनच्या होडीवरचा कंदील उतरव देवाजी. हातमोजे घालून. दोर सोडायच्या आधी फोटो घे."

"त्याच्यात काय हाय मॅडम?"

"सगळ्यांवर राख आहे. ह्याच्यावर नाही. कोणीतरी घासून धुतलाय."

देवाजीने तो उतरवला. खोबणीच्या खोल कोपऱ्यात, जिथे बोट पोचत नाही तिथे, तपकिरी रेघ राहिली होती. त्यात दोन पांढरे केस होते.

"आई माय!" देवाजी मागे सरकला. "हत्यार आपल्याच डोक्यावर लटकून होतं! तलावात काहून नाई फेकलं त्यानं?"

"उन्हाळ्यात तलाव रोज मागे हटतो. आठवड्यात चिखलात उघडं पडलं असतं. आणि शेंडा मोकळा दिसला असता तर पहिला प्रश्न त्याचाच निघाला असता. इथे वर कोण बघतंय?"

तिने मोबाइल काढला. सोनिकाने दिलेला पियूषचा फोटो बोटांनी मोठा केला, कॅप्टनने केला असेल तसाच. आणि कॅप्टनसारखीच तीही घाटाच्या पायरीवर बसली.

५

मोठे साहेब भडकले होते. "वैरागडे, टोपरं सापडलं, धमकी आहे, बाई तिथे गेल्याचे साक्षीदार आहेत. आणखी काय पाहिजे तुला?"

"तिघांना एकदा क्लबवर बोलवते सर. सोनिका, मोहित, अपूर्व. त्यानंतर तुम्ही म्हणाल त्याला अटक."

ऊन उतरायच्या आत तिघं आले. सोनिका भूमीला कडेवर घेऊन, मागे चार पावलांवर बायजाबाई, नातीवर नजर ठेवून. फुटलेला ओठ सुजून काळा पडला होता.

मुग्धाने कॅप्टनच्या होडीशेजारी मोहितच्या दुकानातले दोन नवे कंदील आणि दोऱ्यांची गुंडाळी मांडली. "कॅप्टनच्या होडीवरचा कंदील तपासणीला गेलाय. पंचनाम्याच्या फोटोसाठी होडी जशी होती तशी हवी. अपूर्व, इथले जाणकार तुम्ही. एक बांधून देता?"

"का नाही." अपूर्वने कंदील उचलला. वरच्या टोकाच्या भोकात दोर ओवला, चटकन गाठ मारली. मग खालच्या टोकाला एक आखूड दोरी बांधून ती डोलकाठीला ताणली. "म्हणजे वाऱ्यानं गरगरत नाही," तो हात झटकत म्हणाला. दिवाळीत गॅलरीत टांगतात तसा कंदील झोकात उभा राहिला.

मोहितने तोंड उघडलं. मुग्धाने त्याला नजरेनेच गप्प केलं.

"सोनिका, दुसरा तू बांध."

"मले कुठं येते जी?"

"घरी बांधतेस तसा."

सोनिकाने बाळाला क्षणभर देवाजीकडे दिलं. कंदील जमिनीवर ठेवला, तो आपसूकच तीन टोकांवर बसला. तिने वरच्या तीन कोपऱ्यांना तीन दोऱ्या बांधल्या, वर एकत्र केल्या आणि उचलला. एक खोबण आभाळाकडे उघडी राहिली, ओंजळीसारखी.

"रोजच्या सवयीनं तिचे हात हेच करतात," मुग्धा म्हणाली. "मोहितच्या ओसरीवरही असाच टांगलाय. कॅप्टनने क्लबातला प्रत्येक कंदील असाच बांधला. त्यांच्या स्वतःच्या होडीवरचाही तसाच असणार. मारणाऱ्याने तो धुऊन परत वर चढवला, पण उभा, टोकावर. आणि खालून आखूड दोरी ताणून. आत्ता तुम्ही बांधला तसा, अपूर्व."

"कोणीही बांधेल असा!" अपूर्व हसला. "बघून घेतलं असेल कुणीतरी."

"कुठे बघून? असा दुसरा कंदील मी एकाच ठिकाणी पाहिला." तिने मोबाइल पुढे धरला. "मालवणला, पियूषच्या होडीवर. तीच गाठ, तीच खालची दोरी. तुम्हीच म्हणालात, शेवटची गाठ माझ्या हातची."

सोनिका मोबाइलकडे एक पाऊल सरकली.

अपूर्वचा चेहरा मात्र गोंधळला. खराखुरा गोंधळ होता तो. "मग? त्यात काय झालं?"

"कॅप्टननी सांगितलं नाही तुम्हाला?"

"म्हातारा नुसतं म्हणत होता, पियूष तुझ्या हातानं मेला! चल वर, पडद्यावर दाखवतो! क्लब नाही, मालवण नाही, काही नाही तुला! माझ्या हातानं? मी त्याच्यासाठी रात्रंदिवस..." तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं.

"उभा टांगलेला कंदील जहाजाला जवळपास दिसत नाही," मुग्धा म्हणाली. "तेच दाखवायला कॅप्टननी आपल्या होडीवरचा कंदील उतरवला होता. वर जायच्या आधी होडीतच तुम्ही त्यांच्या हातातला कंदील हिसकला आणि पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात घातला. तीनदा. मग तोच कंदील परत तसाच उभा टांगला, कारण तुमची चूक काय, ते तुम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं."

अपूर्वने नुकताच बांधलेला कंदील हिसका मारून तोडला आणि तो सोनिकाकडे झेपावला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ज्या तोंडावर सत्य लिहिलं होतं ते तोंडच फोडायचं असावं. बायजाबाई मधे आली. पत्र्याचं टोक म्हाताऱ्या दंडात हाडापर्यंत घुसलं. ती ओरडली नाही, तिने दुसऱ्या हाताने अपूर्वच्या तोंडावर नखं ओढली. मुग्धाची काठी त्याच्या मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज आला, आणि मोहित नि एक शिपाई मिळून त्याच्या पाठीवर बसले. देवाजी भूमीला पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

धुळीत पालथा पडलेला अपूर्व एकच वाक्य परत परत म्हणत होता. "पियूषला मी नाही मारलं. खुनाचं लिहा मॅडम, पण ते लिहू नका. पियूषला मी नाही..."

६

दवाखान्याच्या बाकावर सोनिका सासूच्या दंडाचे टाके होईपर्यंत बसली होती. मुग्धा तिच्या शेजारी येऊन टेकली.

भूमी आईच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी चाळा करत होती.

"मॅडम, एक विचारू? तो नीट टांगला असता तं माहा पियूष वाचला असता काय?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही सोपं होतं. मुग्धाने दोन्ही गिळलं.

"माहीत नाही गं. नीट टांगला असता तर ठिपका मोठा पडला असता, एवढं नक्की. पण लाटा होत्या, होडी कलत असेल. आणि जहाजावर पडद्यासमोर त्या वेळी कोणी जागं होतं की नाही, ते आता कोण सांगणार? जगायची संधी वाढली असती. किती, ते कॅप्टनलासुद्धा सांगता आलं नसतं."

सोनिकाने मान हलवली. रडली नाही.

पट्टी बांधलेला हात सांभाळत बायजाबाई बाहेर आली. सुनेसमोर उभी राहिली. मग तिने चांगल्या हाताने भूमीचा पाय पकडून हलकेच दाबला. "घरी चाल वं. पोरगी भुकेजली असन."

"तुमी व्हा पुढं आई." सोनिका मुग्धाकडे वळली. "कॅप्टनले कोणी हाय का जी? पोरगा, पुतण्या?"

"कोणी नाही. लग्नच केलं नव्हतं. पोलीसच उद्या अग्नी देतील."

"मंग दहाव्याले कोण बसन?"

मुग्धाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी त्याच्या तोंडावर थुकली होती, मॅडम. साऱ्या गावासमोर. तरी तो माह्याच पियूषसाठी पडद्यासमोर बसून होता." सोनिकाने बाळाला खांद्यावर घेतलं आणि उठली. "अग्नी तुमी नका देऊ. मी देतो. अन् दहाव्यालेबी मीच बसीन."

बायजाबाईने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा मुग्धाकडे. मग पुढे होऊन नातीला आपल्या चांगल्या हातावर घेतलं.

"चाल मंग," ती म्हणाली. "तीळ घ्याचे राह्यले असतीन."